वन्संनी घेतलेली परीक्षा

आमच्या वन्सं शिवणकाम करणाऱ्या. लग्न केलं नाही, आयुष्यभर मशीन चालवलं. गळ्यात टेप आणि मनात संशय, दोन्ही कायमचे. गिऱ्हाइकानं तोंडी सांगितलेलं माप त्यांनी कधी धरलं नाही. दुकानात नवी मुलगी आली की तिला मुद्दाम उलटी बाही लावलेला ब्लाउज हुक लावायला द्यायच्या आणि न बोलता बघत बसायच्या. मुलीनं चूक दाखवली तर ती राहिली. मुकाट्यानं हुक लावले तर संध्याकाळी नारळ.

म्हातारपणी साखर, रक्तदाब, हृदय अशी सगळी दुखणी एकदम मुक्कामाला आली. प्रत्येक दुखण्याचा डॉक्टर वेगळा. एक गोळी वाढवायचा, दुसरा तीच कमी करायचा, आपसात बोलायचे म्हणून नाहीत. त्यात मूत्रपिंडं थकत चालल्याचं निघालं. पावलं इतकी सुजायची की पायमशीन रेटवेना. आणि मशीन सुटलं की वन्संच्या लेखी सगळंच सुटलं.

तेवढ्यात रुग्णालयात एक संशोधन सुरू झालं. असे अनेक आजार एकत्र असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना एकेक नर्स नेमून द्यायची. तिनं घरी यायचं, सगळ्या डॉक्टरांची औषधं एकत्र मांडून बघायची. बाकीच्या निम्म्यांचं आहे तसंच चालू द्यायचं. कोणाला नर्स मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार.

"म्हणजे सोडत," वन्सं म्हणाल्या. "वर फुकट घरी येणार. वहिनी, यांना माझं काय हवंय?"

"तुमच्याकडे घेण्यासारखं आहे काय? करा सही."

केली, ती मशीनपायी. नर्स त्यांच्याच वाट्याला आली.

आली ती फोनमधून डोकं वर न काढणारी. माणसाकडे न बघता माणसाची चौकशी करणाऱ्यांचा मला भारी राग. "मावशी, याशिवाय काही घेता?" "नाही." की लगेच बोट फोनवर. दर भेटीला तेच.

तिनं डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावलं, काही गोळ्या गाळल्या, हे खरं. तरी सूज हटेना, मूत्रपिंडांचा रिपोर्ट आणखी बिघडला, डायलिसिसची भाषा सुरू झाली.

"हिनंच काहीतरी केलंय," वन्सं म्हणाल्या. मलाही तसंच वाटू लागलं. पुढच्या वेळी तिला दारातूनच परत पाठवायचं मी ठरवलं होतं.

पण त्या दिवशी ती आली ती फोन पर्समध्ये टाकून सरळ वन्संसमोर जाऊन बसली. वन्सं तुरपाई करत होत्या. बराच वेळ ती नुसती बघत राहिली.

"मावशी, खांदे दुखत नाहीत?"

"नाही."

"मान? गुडघे?"

"नाही म्हटलं ना."

"जन्मभर मशीनवर वाकून बसलात आणि या वयात काहीच दुखत नाही? मला नाही पटत. काय घेता?"

वन्संनी सुई कापडात खोचली आणि बटणांचा डबा पुढे ओढला. बटणांखाली अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटं होती, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली.

"उशीर लावलास," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून बघतेय, तुला कळतंय का. मी सांगेन ते आपली लिहून घेत होतीस."

नर्स आधी पांढरी पडली, मग लाल झाली. "परीक्षा माझी घेत होता आणि नापास होत होती तुमची किडनी. सूजही या गोळ्यांनीच वाढलीय."

उलटी बाही उसवून परत लावता येते, मूत्रपिंड नाही; त्या सवयीनं वन्संचा घात केला होता.

गोळ्या बंद झाल्या. सूज बरीच उतरली, डायलिसिस सध्या टळलंय, पण मूत्रपिंडांचं गेलं ते गेलंच. खांदे आता चांगलेच दुखतात. शेक, थोडा व्यायाम आणि मशीन फक्त सकाळी.

"त्या बाकीच्या निम्म्यांचे डबे कोण उघडतं गं?" वन्संनी नर्सला एकदा विचारलं.

ती वन्संच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवत नाही, म्हणून वन्संचा तिच्यावर बसलाय. माझा अजून दोघींवर नाही. वन्सं आंघोळीला गेल्या की मी बटणांच्या डब्यात तळापर्यंत हात घालते. काल त्यांनी मला पकडलं.

"दोऱ्यांचा डबाही बघा, वहिनी," म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

तोही बघितला.