मालगाडी आली तेव्हाचं कडवं

सुनीलला जाऊन आज बारा दिवस झाले. दुपारी त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, पप्पांचा आवाज आहे का तुमच्याकडं? आमच्याकडं नुसते फोटोच आहेत."

एक कॅसेट होती. बदनापूर स्टेशनजवळच्या त्याच्या खोलीत आम्ही तरुणपणी दोस्तीवर एक रॉक गाणं केलं होतं. तो गायचा, मी गिटार वाजवायचो. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून त्याच्या आईच्या भजनांची कॅसेट घेतली आणि तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून तिची खाच चिकटपट्टीनं बुजवली. दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत गाणं उरकायचं होतं. तिसऱ्या कडव्याला मालगाडी आली आणि मी हात थांबवला. सुनीलनं आवाज चढवून कडवं पुरं केलं.

"थांबलास काहून?"

"गाडी आली ना. वाया गेलं सगळं."

"गाडी रोजच येती, येड्या. मी तर गाऊन राह्यल्तो."

त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तो नोकरीसाठी पुण्याला गेला. गाणं पुन्हा झालं नाही.

आज कॅसेट लावली. पहिल्या दोन कडव्यांत माझ्या गिटारीखाली त्याचे शब्द कळत नाहीत. तिसऱ्यात डबे खडखडतात, पण त्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो. मला रडू आलं नाही. तेवढंच कडवं मोबाइलवर घेतलं आणि तिला पाठवलं.