जिवल्याने सांगितलेलं खोटं

बोईसरच्या पूर्वेला डोंगरात जो शेवटचा पाडा लागतो, तिथला जिवल्या मध काढायचा. कुठल्या कड्याला पोळं आहे, कुठल्या घळीत उन्हाळाभर पाणी टिकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच सहासष्ट सालच्या एप्रिलात कमलाकांत त्याला शोधत आला. पोरगा कुंभवलीचा, तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर कारकून. बरोबर कामावरचाच दोस्त चंद्रभान. पाठीवर पिशव्या बांधून पाच दिवस डोंगर तुडवायचे आणि फेर घालून उमरोळीला उतरायचं, असा दोघांचा बेत.

"आता डोंगरात पाणी नाय. दिवाळीनंतर या," जिवल्या म्हणाला.

"तेव्हा रजा कोण देईल, दादा?" कमलाकांत हसला. त्याच्या हसण्यापुढे जिवल्याचं काही चाललं नाही.

तीन दिवस बरे गेले. कमलाकांत झाडाझाडाचं नाव विचारी. चौथ्या दिवशी सकाळी कडा उतरताना त्याच्या पायाखालचा दगड सुटला. जिवल्या खाली पोचला तेव्हा मांडीचं हाड कातडीबाहेर आलं होतं.

त्याने फडक्याने मांडी आवळली, बांबू तोडून घोंगडीची झोळी केली. दोघांनी ती दुपारपर्यंत वाहिली. मग चंद्रभान मटकन बसला तो उठेचना. जवळच्या पाड्यावर माणसं मिळाली असती, पण जायला-यायला चार तास. पाण्याची बाटली एकच उरली होती. ती जिवल्याने चंद्रभानच्या हातात दिली.

"घोटघोट पाज त्याला, भाऊ. हितून हलू नको."

चार माणसं आणि मडकंभर पाणी घेऊन तो परतला तेव्हा उन्हं कलली होती. झोळी पळसाखाली तशीच होती. कमलाकांतच्या उघड्या तोंडावर माश्या बसल्या होत्या. चंद्रभान नव्हता. बाटलीही नव्हती.

चंद्रभान दुसऱ्या दिवशी उमरोळीला पोचला आणि वाटाड्या आम्हाला टाकून पळाला, असं सांगून मोकळा झाला. प्रेत खांद्यावर आणणाऱ्या जिवल्यालाच दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. पाड्यावरच्या चौघांनी येऊन सांगितलं तेव्हा कुठे तो सुटला.

बाराव्यानंतर कमलाकांतची आई, रंभाबाई, एकटी चालत पाड्यावर आली. जिवल्याची बायको भागी हिने तिला घोंगडी अंथरून दिली. ती बसली नाही.

"शेवटाला माझ्या पोराजवळ कोण होता?"

जिवल्याने मान खाली घातली. "मी होतो, आये. माझ्या मांडीवर डोका होता त्याचा."

रंभाबाई म्हणाली, "मी त्याचे ओठ बघलेत. लाकडासारखे सुकले होते. तू जवळ होतास, मग पाणी का नाय पाजलास रे?"

रंभाबाई जायला वळली.

"तुला पण शेवटाला कोण पाणी नको देऊ दे," ती म्हणाली आणि उतरणीला लागली.

ती दिसेनाशी झाल्यावर भागी नवऱ्यावर चवताळली. "खरा का नाय सांगितलास?"

"पोर एकटाच मेला, असा कसा सांगू तिला?"

दिवाळीनंतर दोघं पालघरकडे वीटभट्टीवर गेली. कमलाकांतच्या गावची, कुंभवलीची कुणी माणसं विटा न्यायला आली की जिवल्या भट्टीमागे जाऊन उभा राही.