कमरेची सुपारी

दार ठोठावलं की आतून तीन प्रश्न यायचे. "कोण? कशाला? कुणी पाठवलं?" लालबागच्या आमच्या चाळीत दिवसभर दारं सताड उघडी, बंद दार एकच, आमच्या समोरच्या खोलीतल्या अण्णांचं. आम्ही त्यांना चौकशी अण्णा म्हणायचो. मग मागून भाऊंचा मालवणी आवाज यायचा, "अरे, तिका आत तरी घे!" तेव्हा कुठे कडी निघायची.

खोली भाऊंची. अण्णा गिरगावातून तिथे राहायला आले ते मामेभाऊ म्हणून, आणि तीसेक वर्षं मामेभाऊच राहिले. खोलीत दोन खाटा. एकीवरची चादर रात्री घालावी तशीच सकाळी ताठ. चाळीला सगळं कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. हे न बोलणंच अण्णांना भारी संशयास्पद वाटायचं. आईनं वाटीभर उसळ पाठवली तरी झाकण उचलून वास घ्यायचे आणि पुटपुटायचे, "यांना खोली हवीय."

असं प्रेम आता गुन्हा नाही, असा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन गेले. "हळू बोल. दार लाव आधी," अण्णा म्हणाले. "मागेही एकदा कोर्टानंच दिलं होतं आणि काढून घेतलं. विसरलीस?" भाऊंनी मात्र दोन पेढे एकदम तोंडात टाकले. पुढे लग्नाचा निकाल विरुद्ध गेला, तर अण्णा जवळजवळ खुशीत. "बघ! आधी गुन्हेगार होतो, आता कोणीच नाही."

ते किती खरं आहे ते हॉस्पिटलात कळलं. भाऊ आयसीयूत होते. "पेशंटचे तुम्ही कोण?" अण्णा सवयीनं म्हणाले, "मामेभाऊ." सह्या कणकवलीहून आलेल्या भाऊंच्या पुतण्यानं केल्या. अग्नीही त्यानंच दिला. खोली आता त्याची होणार होती. तेराव्यानंतर तो गोड आवाजात म्हणाला, "काका, मामेभाऊ म्हणून राहा की इथेच. फक्त लोकांत भलतंसलतं काही नको."

त्या गणपतीत चाळीच्या सत्यनारायणाला बसायचा मान पाळीनं नेमका त्याच खोलीकडे आला. "मला बसवून काय काढून घ्यायचंय यांना?" अण्णा कुरकुरले, पण सोवळं नेसून आले. पुतण्या समोरच बसलेला. पूजेला जोडप्यानं बसायचं. बायको गेलेली असेल तर तिच्या जागी कमरेला सुपारी खोचायची. गुरुजी म्हणाले, "तुमचं लग्न नाही ना झालेलं? मग सुपारी नको."

अण्णांनी पुतण्याकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे, नेहमीच्याच संशयानं. आणि तबकातली सुपारी उचलून कमरेला खोचली. "माझं माणूस गेलंय," म्हणाले. "करा सुरू."

गुरुजी पुतण्याकडे बघत राहिले. शेवटी माझी आईच म्हणाली, "बघताय काय गुरुजी? सांगा की संकल्प."

दिवाळीच्या आत पुतण्यानं खोली रिकामी करून घेतली. चाळ हळहळली, आडवं कुणी आलं नाही. अण्णांचा संशय अगदीच खोटा नव्हता, याचा मला अजून राग येतो. टेंपोवाल्यानं दार ठोठावलं, तेव्हाही आतून तेच, "कोण? कशाला? कुणी पाठवलं?"

मी विचारलं, "अण्णा, मामेभाऊ म्हणून राहिला असतात तर?"

"भाऊला मामेभाऊ म्हणून जाळला गं. तेवढं पुरे झालं."

टेंपोत त्यांनी एकच खाट चढवली. ताठ चादरीची खाट पुतण्यासाठी ठेवून गेले.