पन्नास फुटांवर थांबलेलं विमान

उंब्रजचे लालासाहेब डुबल हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झाले, पण गावानं त्यांना कायम 'मिलिटरी'च म्हटलं. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. त्यामुळे गणवेश घालून मुलूख फिरलेला प्रत्येक जण गावाच्या लेखी मिलिटरी. लालासाहेबांना ते खपत नसे. सलूनमध्ये असो, सोसायटीच्या सभेत असो, कुणी "या मिलिटरी" म्हटलं की खुर्ची ओढता ओढता ते दुरुस्ती करत, "मिलिटरी न्हाई, एअरफोर्स." लोक मुद्दाम म्हणत आणि ते न चुकता सुधारत. दोन्ही बाजूंना त्याची सवय झाली होती.

विमानात उंची आणि वेग दाखवणारी जी घड्याळं असतात ती दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी गेली. विमान कधी चालवलं का, असं विचारलं की म्हणत, "आमी वाढपी. पंगतीला बसणारी माणसं येगळी." हे सांगताना हसत, पण मला ते हसणं कधी फार खरं वाटलं नाही. ज्यानं जन्मभर वाढलं त्याला एकदा तरी पानावर बसावंसं वाटणारच.

नोकरीतले दोन नियम त्यांनी घरी आणले होते. बिघडलेल्या वस्तूला लाल चिंधी बांधायची, आणि दुरुस्त होऊन ती चालवून बघेपर्यंत ती सोडायची नाही. मग ती विहिरीवरची मोटर असो की घरातला मिक्सर. एकदा त्यांना ताप आला तेव्हा बायकोनं, बनुबाईंनी, त्यांच्याच मनगटाला लाल चिंधी बांधली होती, आणि ताप उतरल्यावरही चार घास खाल्ल्याशिवाय सोडली नव्हती. दुसरा नियम, बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशानं बरं झालं ते कळत नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा शिवतेज कराडला इंजिनीअरिंगला होता. मी तेव्हा टायपिंगची मशिनं मोडीत काढून कॉलेजच्या वाटेवर कॉम्प्युटर क्लास काढलेला. तो माझ्याकडं शिकायला कमी आणि सुटे भाग उसने न्यायला जास्त यायचा. पुण्यातून एकेक भाग आणून त्यानं घरी कॉम्प्युटर जोडला आणि त्यावर विमान उडवायचा प्रोग्राम घातला. पडद्यावर विमानाची आतली बाजू दिसते, सगळी घड्याळं दिसतात, हातातल्या दांडीनं विमान वळतं. लालासाहेब त्या खुर्चीवर बसले ते जणू पानावर बसले.

त्या प्रोग्रामात सगळं जग होतं, फक्त कराड नव्हतं. शिवतेजनं ते स्वतः काढलं. विमानतळाची धावपट्टी, कृष्णा-कोयनेचा संगम, साखर कारखान्याची चिमणी. चिमणी जरा जास्तच उंच झाली होती. हा झाला एक जोडप्रोग्राम. दुसरा आवाजाचा. विमान खाली येताना किती फूट उरले ते तो बोलून सांगायचा. त्यात कुणा साहेबाचा आवाज होता, तो काढून शिवतेजनं आपला घातला. लालासाहेबांना चष्म्यातूनही पडद्यावरचे बारीक काटे नीट दिसत नसत. पोरगा म्हणाला होता, "आबा, तुमी काट्याकडं बघू नका. मी सांगतो."

कारखाने सुरू झाले की हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. मागं दिवा नाही, कापड नाही, काही नाही. शिवतेजची मोटरसायकल तसल्या एका ट्रॉलीखाली गेली. कॉलेजातून घरी यायला निघाला होता. याहून जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही. ट्रॉलीवाल्यांना शिव्या देऊन माझं तोंड दमलंय.

त्यानंतर लालासाहेब रडले नाहीत. अंत्यविधीला नाही, दहाव्याला नाही. रानात जात होते, दाढी करत होते, विचारलं तर उत्तर देत होते. सलूनमध्ये कुणीतरी, माणूस बोलता करावा म्हणून, "या मिलिटरी" म्हणालं. लालासाहेब मुकाट्यानं जाऊन खुर्चीत बसले. त्या दिवशी गाव घाबरलं.

वर्ष होत आलं तेव्हा बनुबाई माझ्या क्लासवर आल्या. कधी न येणारी बाई दारात चप्पल काढून उभी. त्यांनी सांगितलं ते असं. एकदा त्यांच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. लालासाहेबांनी कप संपवून खाली ठेवला आणि परत कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. काम नसलं की दिवसभर तिथंच. कानाला ते लावतात, विमान वर नेतात, खाली आणतात, खाली येता येता मशिन अडकतं, मग बंद करून पुन्हा पहिल्यापासून. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत.

"मशिन तेवढं नीट करा, मास्तर," त्या म्हणाल्या. "येकदा इमान खाली उतरलं म्हंजी हे बी उठतील."

दुसऱ्याच्या घरी जाऊन दुरुस्ती करायला मला आवडत नाही. दर पाच मिनिटांनी चहा येतो आणि घरातला प्रत्येक जण खांद्यावरून वाकून बघतो. पण गेलो.

कॉम्प्युटरच्या डब्याला लाल चिंधी बांधलेली होती. लालासाहेबांनी मला बिघाड अहवाल वाचावा तसा सांगितला. कराडहून उड्डाण ठीक. संगमावरून वळण ठीक. पन्नास फुटांपर्यंत उतरणं ठीक. पुढं चाक टेकायच्या वेळी पडदा गोठतो. आवाजाचा प्रोग्राम बंद ठेवला तर चाक टेकतं, विमान थांबतं, काही अडचण नाही.

"आणि कराडचा काढून, आवाजाचा ठेवून?" मी विचारलं.

ते डब्यावरच्या चिंधीची गाठ चाचपायला लागले. नियमाप्रमाणं दोन्ही तपासण्या व्हायला हव्या होत्या. हा माणूस वर्षभर एकच तपासणी पुन्हा पुन्हा करत होता. आवाज बंद करायला पडद्यावरची एक खूण काढली की भागत होतं, कराड बंद करायचं तर ते पुसावं लागत होतं. हवाई दलात काढलेला भाग चिंधी बांधून फळीवर ठेवतात, तो कुठं जात नाही. इथं काढणं म्हणजे पुसणं, हे त्यांच्या हाताला पटत नव्हतं. दुसऱ्या कुठल्या विमानतळावर उतरून बघितलं का, तर म्हणाले, "दुसरीकडं कशाला उतरू? घर हितं हाय."

माझीही एक खोड आहे. दुरुस्तीला हात घालण्याआधी मी मशिनच्या मागच्या जास्तीच्या वायरी उपसून टाकतो. तशी कानाला लावायच्या हेडफोनचीही उपसली, आणि म्हटलं, एकदा मला चालवून दाखवा. त्यांनी मला अडवायला हात पुढं केला होता, तो मी बघितला नाही.

विमान संगमावरून वळलं, धावपट्टी समोर आली, आणि टेबलावरच्या स्पीकरमधून शिवतेज म्हणाला, "पाचशे."

स्वयंपाकघरातला भाकरीचा आवाज थांबला.

"तीनशे," शिवतेज म्हणाला.

बनुबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. लालासाहेबांनी विमान सोडलं नाही, मान वळवली नाही. दोनशे झाले, शंभर झाले, पन्नास झाले, आणि पडदा गोठला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज राहिला.

बनुबाईंनी नवऱ्याला विचारलं की हा इतके दिवस इथं बोलत होता आणि मला का सांगितलं नाही. तुला सोसलं नसतं, असं लालासाहेब म्हणाले.

"आन् तुमाला सोसलं?"

"मला काय बी वाटत न्हाई, बनू," लालासाहेब म्हणाले. "पोरगं बोलतंय, मी ऐकतोय, आन् काय बी वाटत न्हाई. म्हणून परत लावतो. कवातरी वाटंल."

हे त्यांनी बिघाड सांगितला त्याच सुरात सांगितलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण हातात वायर होती. बनुबाई आत गेल्या नाहीत. स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या.

मी कामाला लागलो, कारण तेवढंच मला येतं. दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी निर्दोष होते. पण दोघांनाही आपली माहिती मूळ प्रोग्रामच्या एकाच फाइलमध्ये लिहायची होती, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. शिवतेजनं आवाज आधी घातला होता, पाठोपाठ कराड, आणि दोन्ही मिळून उतरून बघायच्या आधीच तो गेला. कराड आत जाताना त्यानं आवाजाची शेवटची ओळ खोडून स्वतःची लिहिली. त्यामुळं चाक टेकताना काय म्हणायचं ते आवाजाला सापडत नव्हतं आणि सगळंच अडकत होतं. उपाय सोपा होता. दोन्ही काढायचे, आधी कराड घालायचं, मग आवाज. त्या क्रमानं घातले की दोघेही नांदतात.

म्हणजे चाक टेकल्यावर म्हणायचं काहीतरी होतं का, असं लालासाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, असणार. पन्नास फुटांपुढचं पोरगं या घरात कुणीच ऐकलेलं नव्हतं.

मी सगळ्याच्या प्रती फ्लॉप्यांवर घेतल्या. लालासाहेबांनी प्रत्येक फ्लॉपीला लाल चिंधीचा तुकडा गुंडाळला, त्याशिवाय ते पुढं जाऊ देईनात. मग पुसायची वेळ आली. कळ त्यांनीच दाबावी असं मला वाटत होतं, आणि त्यांचं बोट कळीवर जाऊन तिथंच राहिलं. मशिन विचारत होतं, नक्की का?

"दाबा," बनुबाई म्हणाल्या. "परत घालायचंच हाय न्हवं."

त्यांनी दाबली. पडद्यावर जिथं कराड होतं तिथं सपाट हिरवं राहिलं. नदी नाही, चिमणी नाही. लालासाहेब त्या हिरव्याकडं बघत बसले. मी घाईघाईनं फ्लॉपी सरकवली.

कराड परत आलं. त्यांच्या नियमाप्रमाणं तेवढ्यावरच एकदा उतरून बघितलं. मुकाट्यानं चाक टेकलं. मग आवाज घातला. आता दोन्ही.

विमान चढलं, संगमावरून वळलं. लालासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पाचशे. तीनशे. दोनशे. बनुबाईंचा हात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर होता, खुर्चीला पीठ लागलं होतं. शंभर. पन्नास. पडदा हलत राहिला. चाक टेकल्याचा धप्प आवाज आला.

"टेकलो, आबा," शिवतेज म्हणाला.

पण नोंद तिथं संपत नव्हती. पोरानं तेव्हा माइक लगेच बंद केला नव्हता. स्पीकरमधून लांबून, स्वयंपाकघरातून यावी तशी, बनुबाईंची स्वतःची हाक आली, "शिवतेज, भाकरी निवतीया रं." आणि अगदी जवळून पोराचं उत्तर, "आलो, आई. आलो."

मग खटका, आणि शांत.

ब्रेक कुणीच लावला नाही. विमान धावपट्टी संपवून हिरव्यात गेलं आणि आपोआप थांबलं.

"आसंच म्हणायचा," बनुबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडं बघून सांगत होत्या, तक्रार केल्यासारखं. "आलो म्हणायचा, आन् यायचा न्हाई."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की हे पुन्हा लावता येतं का. लालासाहेब म्हणाले, येतं, कितीबी वेळा. बनुबाई उठल्या, पदर खोचला.

"मग र्‍हाऊ द्या आता. उठा. भाकऱ्या निवल्या."

लालासाहेबांनी डब्यावरची लाल चिंधी सोडली, घडी करून खिशात ठेवली आणि पहिल्या हाकेला उठले. मलाही पानावर बसवलं. वांग्याचं कालवण होतं. कुणाचंच स्वयंपाकात लक्ष नव्हतं, ते पहिल्या घासाला माझ्या ध्यानात आलं, पण पाहुण्यानं असं बोलू नये म्हणून मी गिळलं. लालासाहेबांनी दुसरा घास घेतला, चावला आणि थांबले.

"मीठ न्हाई गं घातलंस," ते म्हणाले.

बनुबाईंच्या हातातला पळा तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. मग मिठाची बरणी आणून त्यांच्यासमोर ठेवली. लालासाहेबांनी बरणीत हात घातला आणि तो बाहेर काढेनात. त्यांचे खांदे हलायला लागले. तोंडात घास होता, तो गिळताही येईना आणि टाकताही येईना. वर्षभराचं रडणं बाहेर पडताना ते एवढंच म्हणत होते, "पोरगं टेकलं गं. टेकलं."

मी उठून बाहेर जाणार होतो, पण बनुबाईंनी रडता रडता माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली होती. मग ती संपवत तिथंच बसलो.