माकडवाला आमदार

माझ्या मावसभावासारखा आमदार या महाराष्ट्राला यापूर्वी मिळाला नव्हता, आणि यापुढेही मिळू नये, असं त्याच्या बायकोचं स्पष्ट मत आहे. कारण इतर आमदार कायदे विधानभवनात करतात, हा ते घरी घेऊन येत असे. अधिवेशनाआधी विधेयकांचा गठ्ठा आला की तो खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आरामखुर्ची टाकून बसायचा आणि समोर येईल त्याला ती मोठ्याने वाचून दाखवायचा. एखादा बिचारा पाणंदीच्या रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन आलेला असे. त्याचं गाऱ्हाणं ऐकण्याआधी त्याला सहकारी संस्थांच्या सुधारणांचं एक कलम ऐकावं लागे. "जो कायदो माझ्या खळ्यात कळणा नाय, तो राज्यात कसो कळतलो?" हे त्याचं तत्त्व होतं. एकदा जाळी सुकत टाकून आलेल्या एका गाबताला त्याने पानभर लांबीचं एकच वाक्य ऐकवलं आणि विचारलं, "काय कळला?" गाबीत थोडा विचार करून म्हणाला, "सायबानू, दंड आसा, तेवढा कळला." आमचा आमदार खूश. "बघ," तो मला म्हणाला, "कायदो बरोबर लिवलेलो आसा."

मी मालवणातल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे विधेयकांच्या भाषेचा सगळा जाब मला द्यावा लागे. 'तदनुषंगिक' म्हणजे काय, 'यथास्थिति' कुठून आलं, आणि 'अन्यथा' हा शब्द इतक्या वेळा कशाला, हे तो मला अशा सुरात विचारायचा, जणू ते शब्द मीच सरकारला उसने दिलेत. घरातही तो कायद्याच्याच भाषेत बोलू लागला होता. वहिनीने बांगड्याचं तिकलं जरा तिखट केलं तर, "या कालवणास माझा विरोध नाही, मात्र मी एक दुरुस्ती सुचवू इच्छितो," असं म्हणून तो भाताची मागणी मांडायचा. वहिनी म्हणायची, "सूचना फेटाळण्यात आली," आणि आणखी एक पळी कालवण वाढायची.

त्याच्यात दुसरी एक कला होती आणि तीच पुढे त्याला नडली. तो नकला फार सुरेख करायचा. तलाठी, मामलेदार, स्वतःच्याच पक्षाचा जिल्हाध्यक्ष, भाषण करताना माइक गिळायला निघालेला वक्ता, सगळे त्याच्या अंगात वस्तीला असल्यासारखे होते. लग्नात तो आला की मांडवातली माणसं नवरानवरीकडे पाठ करून बसत. मतं त्याला कामामुळे पडली की नकलांमुळे, हा आमच्या घरात वादाचा विषय आहे.

आमच्या गावच्या ताराकाकी एकदा त्याच्या खळ्यात आल्या. काकींचा नवरा जाऊन खूप वर्षं झाली. खाडीच्या काठाला त्यांची थोडी माडांची बाग आहे, तिच्यावर त्यांचं घर चालतं. नारळ उतरवायला पाडेली यायच्या आधीच वांदरं येतात, कोवळी शहाळी दाताने फोडतात, दोन घोट पितात आणि उरलेलं खाली टाकतात. काकी भरपाई मागायला कचेरीत गेल्या, तर तिथल्या माणसाने नियम दाखवला. वन्यप्राण्याने झाड पाडलं असेल तर भरपाई आहे, फळाची नाही. काकींनी हे सगळं सांगितलं आणि शांतपणे विचारलं, "मगे मी त्या वांदराक काय सांगू? शहाळां खाव नको, माड उपट म्हणान?"

आमचा आमदार इतका हसला की आरामखुर्चीचा दांडा निसटला. काकी हसल्या नव्हत्या, पण ते तेव्हा मलाही जाणवलं नाही. तो म्हणत राहिला, "काकी, ह्या मी मुंबयेत सांगतंय. बघच तू."

आणि त्याने सांगितलं. दोडामार्गाकडच्या लोकांचं बरं आहे, त्यांच्याकडे हत्ती आहेत, हत्तीचं नाव काढलं की सभागृह गंभीर होतं. माकडाचं नाव काढलं की लोक आधीच हसायला बसतात. त्यात बोलणारा हा. त्याने कचेरीतला माणूस केला, काकींचं वाक्य काकींच्याच आवाजात म्हटलं, आणि शेवटी शहाळं फोडून दोन घोट पिऊन ते अध्यक्षांच्या दिशेने भिरकावणारं वांदर असं हुबेहूब केलं की दोन्हीकडचे बाक एकत्र हसले. असं सहसा होत नाही. मंत्री डोळे पुसत म्हणाले की योग्य ती कार्यवाही करू. संध्याकाळपर्यंत ते वांदर जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर उड्या मारत होतं. तो गावी परतला तेव्हा तिठ्यावर फटाके लागले. बाजारात मासे विकणाऱ्या बायका त्याला पापलेट द्यायच्या आधी वांदर करून दाखवायला सांगू लागल्या. जत्रेतल्या दशावतारात संकासुराने त्याची नक्कल केली, म्हणजे नकलाकाराचीच नक्कल झाली. याहून मोठा मान आमच्याकडे नाही.

अभिनंदनाला फक्त ताराकाकी आल्या नाहीत. तेव्हा शाबासकी घ्यायला तोच त्यांच्याकडे निघाला आणि मला बरोबर घेतलं. काकींनी आम्हांला चहा दिला, बशीत खोबऱ्याच्या वड्या ठेवल्या. शेजारणीच्या मोबाइलवर त्यांनी सगळं बघितलं होतं.

"बरां बोललंस," काकी म्हणाल्या. "सगळे हसले."

"मंत्रीसुद्धा हसले, काकी."

"होय, बघितलंय मी. मगे माडांचा काय ठरला?"

त्याने हातातली वडी बशीत परत ठेवली. "योग्य ती कार्यवाही करतले, असा म्हणाले," तो म्हणाला.

"मी मस्करी करूक नाय रे, झिला," काकी म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "माझी चूल त्या माडांवर पेटता. माझा बोलणा तू मुंबयेक घेवन गेलंस, माझे माड हंयच रवले."

मग त्यांनी त्याला आणखी चहा हवा का विचारलं. तो नको म्हणाला. त्या माणसाला चहा नको म्हणताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या अधिवेशनात वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीचं विधेयक आलं. त्याने एक दुरुस्ती दिली. 'झाड' या शब्दानंतर 'किंवा झाडावरील फळ' हे शब्द घालावेत, इतकीच. त्या दिवशी मी प्रेक्षकांच्या सज्जात होतो. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा बाहेर गप्पा मारणारे सदस्य आत येऊन बसले. कुणीतरी मागून म्हणालं, "आधी माकड होऊ दे." हशा पिकला. तो उभा होता, आणि वरून मला त्याचा उजवा हात दिसत होता. तो हात शहाळं धरल्यासारखा छातीपर्यंत वर आला. इतकी माणसं तोंडाकडे बघत असताना तो हात आवरणं म्हणजे काय, हे त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्यालाच कळेल. त्याने तो हात खिशात घातला आणि सरळ आवाजात बोलायला लागला. एका विधवा बाईची बाग, कोवळी फळं, पाडेल्याची मजुरी, रिकामा हंगाम. बोलताना तो जरा अडखळतही होता, कारण स्वतःच्या आवाजात बोलायची त्याला सवय नव्हती. दोन-चार वाक्यांत सभागृहाचा रस संपला. माणसं उठून चहाला गेली.

मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या भावना समजल्या, त्यांनी दुरुस्ती मागे घ्यावी. असा रिवाज आहे म्हणे. आश्वासन मिळतं, सदस्य मागे घेतो, आणि पुढचं कामकाज सुरू होतं. तो म्हणाला, "मागे घेत नाही." त्याच्याच पक्षाच्या प्रतोदाने बाकावरून वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो पुन्हा उभा राहिला आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदय, माकड झाड पाडत नाही. ते फळच खातं. माझी दुरुस्ती मताला टाका." सभागृहात कुणी हसलं नाही. मंत्री मागच्या अधिकाऱ्याशी बराच वेळ कुजबुजले, आणि अखेर कंटाळून म्हणाले, ठीक आहे, स्वीकारतो.

एक-दोन बाक वाजले. त्याचं चित्रीकरण कुणी एकमेकांना पाठवलं नाही. गावच्या तिठ्यावर फटाके लागले नाहीत, मासळीबाजारात कुणी विषय काढला नाही. पक्षातल्या वरच्या मंडळींनी मात्र ते 'मागे घेत नाही' लक्षात ठेवलं असावं, कारण पुढच्या निवडणुकीला त्यांनी दुसराच उमेदवार उभा केला. पण ते नंतरचं. तेव्हा आम्हांला त्याची कल्पना नव्हती.

मुंबईहून परतल्यावर तो आधी ताराकाकींकडे गेला. मीही होतो. काकी सोप्यावर बसून केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर काढत होत्या. त्याने सांगितलं की आता फळाचीही भरपाई मिळेल, कायद्यात तसं लिहून घेतलंय. काकींनी हातातलं चुडत बाजूला ठेवलं.

"लिवन घेतलंस?"

"होय."

"मगे आता तो वांदर करून दाखय बघया," काकी म्हणाल्या. "त्या दिवशी माका हसूक येवक नाय."

तो उठला. गुडघ्यावर हात टेकून उठला, हे मी पहिल्यांदा पाहिलं. सभागृहासमोर, जत्रेत, मांडवात इतक्यांदा केलेलं ते वांदर त्याने त्या अंगणात पुन्हा केलं, एका म्हातारीसाठी. शहाळं फोडलं, दोन घोट घेतले, मान वाकडी केली. काकी आधी नुसत्या बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मला आतून पाणी आणावं लागलं.

आम्ही खाडीच्या काठाने परतलो. ऊन उतरलं होतं.  वाटेत थांबून त्याने मला विचारलं, "काकी खरीच हसली मा रे?"

मी होय म्हटलं. त्याने मान हलवली आणि माझ्या पुढे होऊन तो सावकाश चालू लागला.