ओट्यावर ठेवलेली भरलेली बाटली

दिघ्याच्या वस्तीतली ती बाटली काही केल्या माझ्या मनातून जात नाही. पोलिसातल्या नोकरीत मुडदे पुष्कळ पाहिले, पण इतकं मनाला काही लागलं नाही.

रुग्णालयातून एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवावीच लागते अशा केसचा, निरोप आला. कंपनीत काम करणारा माणूस, अ‍ॅसिड पोटात गेलंय, बोलता येत नाही. पाठोपाठ त्याची आई ठाण्यात हजर. "सुनंनं पाजलं. काल दोघांचं कडाक्याचं भांडान झालं. लिहून घ्या."

सून समोर बसली. साताऱ्याकडची, विशीतली. अ‍ॅसिड तिनंच घेतलेलं. दारावर सायकलवाला येतो, आपण देऊ त्या बाटलीत संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतून देतो. हिनं पाण्याची रिकामी बाटली पुढं केली, भरून घेतली आणि मोरीत ठेवली.

"मग ती ओट्यावर कशी आली?"

"न्हाई ठाऊक."

आमचा हवालदार खेकसला, "आणि त्याला वास नाही आला? नाक गहाण ठेवलं होतं का?"

"आमच्यात बाटली उष्टी करत न्हाईत, साहेब. वरनं धार धरत्यात. कामावरनं तहानलेले आले. दोन घोट गेल्यावर कळलं."

हवालदाराला ते पटलं. मी मात्र अटकेच्याच तयारीत होते, खोटं कशाला बोलू? भांडण झालेलं, अ‍ॅसिड तिनं घेतलेलं, आणखी काय हवं?

पंचनाम्याला घरी गेलो, तर ओट्यावर बाटल्यांची रांग. तिकडे नळ सकाळी तासभर, त्यामुळे घरात असेल नसेल ती बाटली भरून ठेवतात. मी सासूला सहज विचारलं, "आज पाणी कुणी भरलं?"

"मीच की. ही कापडं वाळत घालत हुती."

"सगळ्या बाटल्या तुम्हीच भरल्या?"

"एक मोरीत भरल्यालीच हुती. म्हनलं, ही भरून इसरली, म्हनून वर ठिवली..."

बोलता बोलता ती मोरीकडे वळून पाहायला लागली. उलटी व्हावी म्हणून पोराला मिठाचं पाणीही तिनंच पाजलेलं. अ‍ॅसिड वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजला, असं डॉक्टर म्हणाले.

माणूस वाचला, पण कित्येक दिवस अन्नासाठी नळीवर होता.

मी भांडण उकरत बसले. घरात पाणी कोण भरतं, हे आधी विचारायला हवं होतं. आणि बायांनो, असलं काही प्यायच्या बाटलीत ठेवू नका. कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी काढू नका, ती बाटली घेऊन थेट रुग्णालय गाठा.

जबाबावर सही करून सून हळूच म्हणाली, "मॅडम, बाटली आत्यांनी ठिवली हे ह्यास्नी सांगू नगा. मी ठिवली म्हनून सांगते." सासूला ती आत्या म्हणे.

"का गं?"

"ह्यांचा राग मला सवयीचा हाय. आत्यांना झेपायचा न्हाई."

कागदावर मी खरं तेच लिहिलं. नवऱ्याला काय सांगायचं, ते तिच्यावर सोडलं.