अकरा फोटोंची जागा

माझ्या सासऱ्यांनी मला एकदाही "विसर आता" म्हटलं नाही.

बाकी सगळ्यांचं म्हणून झालं होतं.

आज त्यांचं, बाबांचं, वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, भांडी तशीच पडली आहेत आणि मी पोस्ट लिहीत बसली आहे. सासूबाई रागावतील. रागावू देत.

नऊ वर्षांपूर्वी, डोहाळजेवणानंतर पंधरा दिवसांतच, माझं बाळ पोटातच गेलं.
मुलगी होती.

हॉस्पिटलमधून घरी आली तर घर एकदम साफ. सासूबाईंनी शिवून ठेवलेली दुपटी गायब. डोहाळजेवणाचे फोटो सगळ्यांनी आपापल्या मोबाईलमधून डिलीट केलेले. माझ्याही मोबाईलमधून, मला न विचारता.

प्रेमानंच केलं होतं, कळत होतं. तरी अंगाचा तिळपापड झाला. भांडायचं तरी कोणाशी? मग मी बोलणंच बंद केलं.

दोन महिने मदन महल भागातल्या आमच्या घराबाहेर मी पाऊल टाकलं नाही.

आणि एका रविवारी सकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा. चार मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, साबणाच्या वडीसारखा जाडजूड. रिटायर झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी दिलेला.

"नर्मदेवर जाऊन राहिलो आता, तिलवाऱ्याच्या घाटावर. उन्हात मला याची स्क्रीन दिसत नाही. तू चल."

"मोबाईल न्या ना बाबा."

"मोबाईलमध्ये मजा नाही. चप्पल घाल."

गेली. नाही म्हणायचाही कंटाळा आला होता म्हणून गेली.

घाटावर त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. सहज मागचे फोटो बघायचं बटण दाबलं, तर समोर मीच. हिरवी साडी, फुलांचे दागिने.

हा कॅमेरा बटण दाबल्यावर जरा विचार करतो आणि मग फोटो काढतो. तोवर माणसाची पोज सुटलेली असते. त्यामुळे बाबांनी काढलेल्या फोटोंवर घरात सगळेच वैतागायचे.
या फोटोतही माझी पोज सुटली होती. मी कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हती. दोन्ही हात पोटावर, नजर पोटाकडे, आणि तोंडभर हसू.

"हे अजून ठेवले काहून?" मी घाटावरच ओरडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढवला तो असा, सासऱ्यांवर.

"तुझे आहेत ते. तुला न विचारता मी कसे काढून टाकू?" बाबा म्हणाले. "काढून टाकायचे तर तू टाक, नाही तर राहू दे. कार्डात अकरा फोटोंची जागा उरली आहे. अकरात भागवू."

मी काढून टाकले नाहीत. पाहिलेही नाहीत. ते बटणच पुन्हा दाबलं नाही.

मग दर रविवारी आम्ही दोघं आणि अकरा फोटो.
घरी येऊन ते अकरा कॉम्प्युटरवर घ्यायचे, कार्डातून काढायचे, पुढच्या रविवारी परत अकरा.

मी म्हटलं, "बाबा, मोठं कार्ड घ्या ना. कंजुषी किती कराल?"
"हा म्हातारा मोठं कार्ड ओळखत नाही, बेटा. याच्या पोटात इतकंच मावते."

पण खरं सांगते, मजा यायला लागली.

अकराच आहेत म्हटल्यावर माणूस नीट पाहायला लागतो. नर्मदेवरचं धुकं, मदन महलच्या टेकडीवरचे ते एकावर एक चढून बसलेले दगड. थंडीत सेल लवकर मान टाकायचे, मग बाबा ते स्वेटरच्या खिशात ठेवून गरम करायचे आणि अजून दोन फोटो मिळवायचे. आणि त्या कॅमेऱ्याचे रंग! माझ्या महागड्या फोनमध्ये आजही तसा निळा येत नाही.

एका रविवारी पाटनच्या रस्त्यावर मटारनं भरलेली ट्रॉली उभी होती. वर एक बाई बसली होती. शेंगा सोलून खात होती आणि आमच्याकडे पाहून हसून राहिली होती.

अकरा संपले होते.

"जाऊ दे," बाबा म्हणाले.

मला तो फोटो हवा होता. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी हवं होतं.

मी ते बटण दाबलं. एक एक फोटो पुढे नेला. थांबत, डोळे पुसत. बाबा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उगाच शेत पाहत उभे राहिले.

शेवटी जेवणाच्या ताटांचा एक फोटो डिलीट केला. बाईचा फोटो काढला.

घरी येऊन पोटावर हात असलेला तो फोटो मी स्वतः कॉम्प्युटरवर घेतला. बाबांना म्हटलं, याची प्रिंट पाहिजे.

"अच्छा," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "नाव ठरवलं होतं का तू?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं आणि खूप रडली. ते बाजूला बसून राहिले.

आज दुपारी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, आमच्या सात वर्षांच्या मुलाला बाबांच्या कपाटात, मीच त्यांना सांभाळायला दिलेली, ती प्रिंट सापडली. सगळ्यांसमोर घेऊन आला.

"मम्मी, इसमें पेट में मैं हूँ ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही रे," मी म्हटलं. "तुझी ताई आहे. मीरा."

माझा आवाज हलला नाही, बाबा. मी तिचं नाव भरल्या घरात घेतलं. सासूबाईंनी फोटो हातात घेतला, पदरानं पुसला आणि देवघराशेजारच्या भिंतीवर लावायला सांगितला.

तोच फोटो इथे टाकते आहे.

तुमचे उपकार कसे फेडू, माहीत नाही.
नमस्कार करते, बाबा.